दोनशे सहाचे पेढे

हौशीराम अण्णांचा रक्तदाब दोनशे सहा निघाला, तेव्हा त्यांनी पारावर पेढे वाटले. त्यातला एक मीही खाल्ला. मला वाटलं, नातू झाला असेल. मग अण्णांनी माझ्यापुढे कागद सरकवला आणि म्हणाले, "पोरी, ह्याच्यावर दोनशे सहा लिहून शिक्का मारून दे. फ्रेम करायचीय." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दोष माझाच होता, तो आधी कबूल करते. मी रत्ना, घाटघरची. पुण्यातल्या एका संस्थेचा लकव्यावर अभ्यास चाललाय, त्यात मी गावोगाव फिरून माहिती गोळा करते. लकवा कोणाला होतो, कशाने होतो आणि झाल्यावर माणूस कितपत सावरतो, एवढं शोधायचं. पन्नाशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब मोजायचा, मीठ, तंबाखू, मिश्री विचारायची. मिश्री लावता का म्हटलं की अवसरीतल्या बायका "छ्या बाई" म्हणायच्या, आणि "छ्या" म्हणताना काळे दात दिसायचे. आणि ज्यांना लकवा होऊन गेलाय, त्यांच्या घरी दर तीन महिन्यांनी जाऊन बघायचं, आंघोळ स्वतः करतात का, घास स्वतः घेतात का, गोळ्या स्वतः घेतात का.

पौषात मी अवसरी बुद्रुकच्या देवळात टेबल मांडलं, तेव्हा गर्दी उसळली. रांग काही हलेना. मग अमृत पुढे आला. हा अमृत यात्रेत बैलगाड्याच्या शर्यतीचं निवेदन करतो. स्पीकर स्वतःचा, आणि घसा असा की स्पीकर नसता तरी चाललं असतं. म्हणाला, "मॅडम, तुमी निस्ता आकडा सांगा. पुकारायचं माझ्याकडं लागलं." मी दमले होते. हो म्हणून बसले. माणसाचा रक्तदाब चारचौघांत सांगायचा नसतो, हे मला प्रशिक्षणात दोनदा शिकवलं होतं, आणि दोन्ही वेळा मी मान डोलावली होती.

तर अमृतने पुकारलं. "जानकू, एकशे अठराऽऽ!" कोणी वळूनही पाहिलं नाही. "पुढं हौशीराम अण्णा... दोनशेऽऽ सहाऽऽ! भिर्रर्र!" आणि देवळात शिट्ट्या पडल्या. आता ह्या गावाला अमृतच्या तोंडून नावापुढे आकडा ऐकला की तो निकालच वाटतो, त्याला कोण काय करणार? दोनशेच्या पुढे एकटे अण्णा होते. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, ज्यांचा गाडा तीस वर्षं पळतोय, यात्रेतल्या पहिल्या गाड्याचा नारळ ज्यांच्या हातून फुटतो, ते अण्णा इथेही पहिले आले, ह्यात कोणालाच नवल वाटलं नाही.

ज्यांचा आकडा जास्त होता त्यांना मी आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं. एकदाच मोजून भागत नाही, खात्री करावी लागते. आले ते तालीम करून. एकाने सकाळपासून लोणच्याच्या फोडी चघळल्या होत्या. दोघे देवळामागे बैठका मारत होते, ते मी खिडकीतून पाहिलं. एक जण टेबलापाशी येईपर्यंत बायकोशी मुद्दाम भांडत होता. सगळ्यात वाईट अवस्था एकशे अठरावाल्या जानकूची झाली. त्याची बायको कुशाबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, घरात खायाला काय बी कमी न्हाई वो. दूध बी देती. मंग ह्यांचं एवढंच का भरलं?"

संध्याकाळी पुण्याहून डॉक्टर आरोही मॅडमचा फोन आला. "रत्ना, तुझ्या गावाचा रक्तदाब एका आठवड्यात वीसने वाढलाय. मशीन बिघडलं का?"

मी खरं ते सांगून टाकलं. मॅडम फोनवर हात ठेवून हसत होत्या, हे मला नंतर कळलं. मग त्या एकदम गंभीर झाल्या. "आकडेवारीचं आपण नंतर बघू. तो दोनशे सहावाला माणूस आधी बघ. दोन्ही वेळा तेवढाच आलाय ना? मग तो बैठका मारून आलेला नाही, तो त्याचा खराच आकडा आहे. असा माणूस उद्या सकाळी उठेल की नाही, सांगता येत नाही. त्याच्या पोटात गोळी गेली पाहिजे."

हे ऐकून मला भीती वाटली. पेढा वाटणारा तो हात माझ्या डोळ्यांपुढून जाईना. कारण अवसरीतच मी दुसरा एक हात पाहिला होता, दादाभाऊंचा.

दादाभाऊ अण्णांचे जिवलग मित्र. गाव त्यांना नाना म्हणतं. घाटाच्या वरच्या टोकाला घड्याळ घेऊन तीस वर्षं पंच म्हणून उभे राहिले. आता घड्याळं इलेक्ट्रॉनिक झाली, पण वाद पेटला की लोक अजून नानांच्याच ओट्यावर येतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. कोणीतरी सांगितलं म्हणून कबुतराचं रक्त चोळण्यात अर्धा दिवस गेला, आणि दवाखाना गाठेपर्यंत उजवी बाजू गेली ती गेलीच. तोंड एकीकडे ओढलेलं, बोलणं थांबत थांबत. डोकं मात्र लख्ख.

त्यांचा फॉर्म भरताना मी विचारलं होतं, "नाना, गोळ्या स्वतः घेता?" नानांनी डाव्या हाताच्या नुसत्या अंगठ्याने पाकिटातली गोळी टचकन बाहेर काढली, हवेत उडवली आणि तोंडात झेलली. माझ्याकडे असं बघितलं, की टाळ्या वाजवाव्याच लागल्या. मी "हो"वर खूण केली. पुढचा प्रश्न होता, लकव्याच्या आधी रक्तदाबाची गोळी चालू होती का? त्यांच्या बायकोने, बायडाबाईंनी, फळीवरून एक पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत गोळ्यांची पाकिटं, जशीच्या तशी. "दिल्या व्हत्या डॉक्टरनं," त्या म्हणाल्या. "आठ दिस खाल्ल्या आन् सोडल्या. का सोडल्या, ते मला बी सांगितलं न्हाई." नाना ओट्याबाहेर बघत राहिले. मी फॉर्मवर "कारण सांगितलं नाही" असं लिहिलं.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अमृतच्या हातून माईक हिसकावून घेतला. "घाटात पहिला नंबर कोणाचा येतो? जास्त सेकंद लागतात त्याचा का कमी लागतात त्याचा?"

"कमीऽऽ!" गाव ओरडलं.

"मग इथंबी तसंच. जेवढा आकडा खाली, तेवढा माणूस वर. एकशे तीसच्या आत आला तो फायनलला." आणि उगाच तोंडातून निघून गेलं, "यात्रेतला पहिला नारळ त्याचा."

नारळाचं मी बोलायला नको होतं. तो माझ्या बापाचा नव्हता. पण बाण सुटला होता, आणि यात्रा कमिटीची माणसं एकमेकांकडे बघून हसायला लागली होती. जानकूला लोकांनी खांद्यावर घेतलं. कुशाबाईने घरोघरी साखर वाटली आणि प्रत्येक दारात "आमचं एकशे अठरा" म्हणून आली. अण्णा पारावरून उठले आणि फ्रेम काखेत मारून घरी गेले. हो, ती त्यांनी माझ्या शिक्क्याविनाच करून आणली होती.

तिथून पुढे आकडे मी ज्याच्या त्याच्या कानात सांगू लागले. तो माणूस बाहेर जाऊन स्वतःच पुकारायचा, त्याला माझा इलाज नव्हता.

अण्णा हरणारा गडी नव्हे. त्यांनी मीठ सोडलं, तंबाखूची डबी नदीत फेकली, सकाळी घाटापर्यंत चालायला लागले. त्यांच्या बायको सारजाबाई आठव्या दिवशी रडकुंडीला येऊन माझ्यापुढे बसल्या. "पोरी, अळणी पिठलं कधी खाल्लंय का गं? म्या खातीया. सकाळ-संध्याकाळ." एवढं करून अण्णांचा आकडा एकशे अठ्ठ्याऐंशीवर आला. पूर्वी हाच आकडा असता तर गावाने मिरवणूक काढली असती.

"अण्णा, आता गोळी पाहिजे," मी म्हटलं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी त्यांच्या खुंटीवरच्या पिशवीत पडून होती.

"न्हाई."

"का पण?"

अण्णांनी पारावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सुई टोचून पळवलेला बैल आमी घाटाच्या पायथ्यावरनं माघारी धाडतो. गोळी खाऊन खाली आणलेला आकडा मी माझा म्हणू? थू! मी येईन ते माझ्या अंगच्या बळावर येईन." आणि सगळा पार मान डोलावत म्हणाला, "बराबर हाय!" एवढंच नव्हे, आधीपासून गोळ्या घेणाऱ्या चौघांनी त्या दुपारपासून बंद केल्या.

मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून ओरडले. एक माणूस वाचवायला गेले होते, आता पाच जण झाले.

सारजाबाईंनी उपाय सुचवला. "गोळी कुटून त्यांच्या चहात टाकती."

"मावशी, नको. अण्णांच्या कागदावर मी सही केलीय. त्यांना सांगितल्याशिवाय काही देणार नाही, असं लिहिलंय त्यात."

"सही तू केलीया. म्या कुठं केली?"

खरं सांगते, मनातून मोह झाला. पण चोरून दिलेली गोळी कोणी किती दिवस देणार? आणि अण्णांना एकदा कळलं, तर ते पुन्हा माझा चहासुद्धा घेणार नाहीत. म्हणून मी सरळ अमृतला गाठलं. "काय रे, शर्यतीत एखाद्या बैलाबद्दल वाद झाला तर काय करता?"

"नानांकडं जातो."

"मग चल."

रविवारी सकाळी नानांच्या ओट्यावर मुंगीला जागा नव्हती. नाना खुर्चीत, उजवा हात मांडीवर ठेवलेला. समोर अण्णा, एका बाजूला जानकू, मागे गोळ्या बंद केलेले चौघे चोरासारखे. अमृतने खटला मांडला. "परश्न असा, की गोळी खाल्लेला गडी फायनलला चालतोय का न्हाई?"

नानांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "निकाल... देतो," ते म्हणाले. "आदी... हौशा... सांगंल."

"मी काय सांगू?" अण्णा म्हणाले.

नानांनी डाव्या हाताने खूण केली. बायडाबाईंनी फळीवरचा तो डबा आणून अण्णांच्या पुढ्यात उघडला. नाना म्हणाले, "ह्यो... भरल्याला... का ऱ्हायला?"

अण्णांचा चेहरा उतरला. इतका वेळ ताठ बसलेला तो माणूस डब्यातल्या पाकिटांकडे बघत राहिला.

"म्या हासलो व्हतो," अण्णा शेवटी म्हणाले. "पारावर ह्यानं खिशातनं गोळी काढली. म्या म्हनलो, पंच म्हातारा झाला, आता घाटावर पाळणा बांधा आन् त्यात निजवा त्याला. सगळी हासली. तुमी बी हासला व्हता, खाली काय बघता? दुसऱ्या दिवसापासनं ह्यानं गोळी काय काढली न्हाई." त्यांचा आवाज चिरकला. "हे म्या केलंय. आन् आता मी कोणच्या तोंडानं गोळी खाऊ?"

मला वाटत होतं, हा माणूस हट्टी आहे, मानाला हपापलेला आहे. बैलाच्या सुईआड तो काय लपवत होता, ते मला तेव्हा कळलं, आणि स्वतःची लाज वाटली.

नानांच्या तोंडाची चांगली बाजू हलली. ते हसत होते.

"येडा," ते म्हणाले. "तोंड... सरळ हाय... तवर खा."

ओट्यावर कोणी हसलं नाही. सारजाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग नानांनी घसा साफ केला आणि ते पंच झाले. "आता... निकाल. लम्पीची... लस. बैलाला देता... का न्हाई?"

"देतो की," अमृत म्हणाला. "दाखला असल्याबिगर घाटात घेत्यात कुठं?"

"सुई... जादा पळवाया... ती बाद." नाना दम घेत घेत बोलत होते. "आजारावरची... ती बाद न्हाई. ती नसंल... तर बैल... बाद." त्यांनी मागच्या चौघांकडे बोट केलं, मग अण्णांकडे. "लिहून दिल्याली गोळी... न्हाई खाल्ली... तर गडी बाद. नारळ... न्हाई."

"भिर्रर्र!" अमृतच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

लोक उठायला लागले. पण नानांनी हात वर केला. "हौशाला... दंड."

"काय बी कर," अण्णा म्हणाले.

"मला... ह्या हातानं... गोळी निघत न्हाई." नानांनी डावा हात उचलला आणि केविलवाणा करून खाली पाडला. "बायडाला... दिसत न्हाई. रोज सकाळी... तू यायचं. माझी... काढून द्यायाची. तुझी... माझ्याम्होरं... खायाची."

मी बोलायला तोंड उघडलं. तोच तो डावा हात, ज्याच्या अंगठ्याने गोळी हवेत उडवली होती! बायडाबाई तर लांबून सुईत दोरा ओवतात. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि चांगला डोळा मिचकावला. मी तोंड मिटलं.

चैत्रात यात्रा भरली तोवर अण्णांचा आकडा एकशे अडतीसवर आला होता. जानकू एकशे सोळा. नारळाचा मान जानकूचा झाला. त्या गड्याने तीन वेळा आपटला तरी नारळ फुटेना, आणि अण्णा पहिल्या रांगेत उभे राहून मोठ्याने मोजत होते, "एक... दोन... तीन..." चौथ्याला फुटला. आरोही मॅडमनी विचारलं, गावाचा रक्तदाब खाली आला, नक्की काय केलंस ते लिहून पाठव. मी लिहिलं, "पंचांचा निकाल." त्यांचा पुन्हा फोन आला नाही.

पण मला धास्ती होती. यात्रा संपली, नारळ फुटला, चढाओढ संपली. आता अण्णा गोळी कशासाठी खातील? किती गावांत मी पाहिलंय, आकडा खाली आला की माणसाला वाटतं झालो बरा, आणि पाकीट डब्यात जातं. त्यामुळे वैशाखात नानांची तीन महिन्यांची तपासणी आली, तेव्हा मी कोणाला न कळवता सकाळी आठलाच त्यांच्या दारात उभी राहिले.

ओट्यावर दोन म्हातारे शेजारी शेजारी बसले होते. अण्णांच्या हातात नानांचं पाकीट होतं. त्यांनी जाड बोटांनी दाबून एक गोळी काढली, ती खाली पडली, शिवी हासडली, दुसरी काढली आणि नानांच्या तोंडात घातली. पाण्याचा तांब्या धरला. ओघळ धोतराने पुसला. मग स्वतःची काढली. नानांनी मान हलवल्यावर ती गिळली आणि तोंड उघडून दाखवलं.

मला बघून अण्णा कावरेबावरे झाले. "ह्याला जमत न्हाई म्हणून येतो गं," ते म्हणाले. "माझं काय, मी तर ठणठणीत हाय. पण मी न्हाई आलो तर ह्याची चुकंल ना. एकदा चुकवलीया म्या ह्याची."

मी फॉर्म काढला. आंघोळ स्वतः, हो. घास स्वतः, हो. पुढचा प्रश्न आला तशी नानांनी माझ्याकडे पाहिलं. चांगला डोळा ह्या वेळी मिचकावला नाही. तो विनवत होता.

"रुग्ण गोळ्या स्वतः घेऊ शकतो का?" मी मोठ्याने वाचलं.

"न्हाई," अण्णाच घाईने म्हणाले. "अजाबात न्हाई. लिव्ह."

"नाही," मी अमृतलाही ऐकू जाईल अशा आवाजात पुकारलं, आणि कागद जरा माझ्याकडे वळवून "हो"वर खूण केली.